न हरलेला राजा भोज मला नको

सकाळी सकाळी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला. घोड्यावर बसलेला, दंड फुगवलेला, डोळ्यांतून आग ओकणारा राजा. खाली लिहिलेलं, 'आयुष्यात एकही लढाई न हरलेला राजा भोज! हा इतिहास तुमच्यापासून लपवला गेला!' पाठोपाठ हात जोडलेल्यांची रांग. मी एवढंच लिहिलं की बाबांनो, भोज हरला होता. झालं! 'तुला आपल्या राजांचं कौतुकच नाही' इथपासून 'डावा झालास का रे' इथपर्यंत.

हो, अकराव्या शतकातला माळव्याचा हा परमार राजा हरला होता. कर्नाटकातल्या कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने त्याची राजधानी धार नगरी लुटली, जाळली. शेवटी गुजरातचा राजा भीम आणि त्रिपुरीचा कलचुरी राजा कर्ण दोन्ही बाजूंनी चालून आले आणि त्याच धामधुमीत, 1055 च्या सुमारास, भोज गेला. यात कुणी काय लपवलंय? उलट त्या कलचुरी कर्णाचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय ते सांगा. जिंकलेला विसरला गेला आणि हरलेला आजही आपल्या म्हणीत बसलाय, गंगू तेल्यासकट.

लढवय्या होता, मान्य. 1020 च्या ताम्रपटांत कोकण जिंकल्याच्या सोहळ्याचं दान नोंदलेलं आहे. पुढे चला.

माझ्या डोक्यात भोज घातला तो मामाने. तो भोपाळला नोकरीला होता. मी शाळेत असताना मला भोजपूरला घेऊन गेला. अर्धवट राहिलेलं ते शिवमंदिर, आत माणसाहून उंच लिंग, समोर फोटोवाल्यांची गर्दी. मामा मला बाहेर खडकांकडे घेऊन गेला, उकिडवा बसला आणि बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं. आधी काहीच दिसत नव्हतं, तिथे ओल्या दगडावर रेघा वर आल्या. खांब, शिखर, मोजून मारलेल्या रेषा. मंदिराचे नकाशे, कारागिरांनी खडकावरच कोरलेले. 'हा बघ भोज,' मामा म्हणाला. रखवालदार आमच्यावर ओरडला, तो भाग वेगळा.

आता मला सांगा, त्या घोड्यावरच्या पैलवानात या रेघा कुठे आहेत? वास्तुशास्त्रावरचा 'समरांगणसूत्रधार', काव्यशास्त्रावरचा 'शृंगारप्रकाश' हे ग्रंथ ज्याच्या नावावर आहेत, त्याला तुम्ही जिमच्या पोस्टरवर नेऊन बसवता? संताप येतो!

बिल्हण कवी ऐका. हा दरबारी कुणाचा? धार जाळणाऱ्या सोमेश्वराच्या मुलाचा, सहाव्या विक्रमादित्याचा. आपल्या धन्याचं चरित्र लिहिताना शेवटच्या सर्गात तो भोजासाठी हळहळतो. धारेच्या वेशीवरच्या शिखरांत कबुतरं घुमतात आणि जणू नगरीच बिल्हणाला विचारते, भोज होता तेव्हा का नाही आलास? वैऱ्याच्या घरचा कवी हे लिहितो हो! मेल्यावर असा मान किती राजांना मिळाला?

पुढे लोकांनी त्याच्याभोवती वाट्टेल ते रचलं. 16 व्या शतकातल्या बल्लाळाने 'भोजप्रबंध' या गोष्टींच्या पुस्तकात कालिदास, बाण, भवभूती, सगळे एकाच भोजाच्या दरबारात बसवले. शतकांचा पत्ता नाही. म्हणजे तीही थापच, असं कुणीतरी म्हणणार. आहेच थाप. पण तिच्यात राजा श्लोक ऐकतो आणि लाखांनी दान देतो. सिंहासनबत्तीशीत तर बिचारा पायरीवर उभा राहून बत्तीस पुतळ्यांकडून 'तू विक्रमाएवढा नाहीस' हे ऐकून घेतो. ऐकून घेणारा राजा! आपल्या लोकांना तोही आवडला होता.

मामा त्या खडकावर बसून 'अद्य धारा निराधारा निरालम्बा सरस्वती' म्हणायचा. भोज गेला तेव्हाचा म्हणून सांगतात तो श्लोक. पुढचं 'पण्डिताः खण्डिताः सर्वे' म्हणताना त्याचा आवाज जरा जड व्हायचा. मला तेव्हा हसू यायचं.

असो. फॉरवर्ड पाठवणारा माझा आतेभाऊच आहे, मनाने चांगला आहे, आजारपणात रात्री-अपरात्री धावून येणारा. त्याला भोज आवडला यातच अर्धं काम झालं. भोपाळचा विमानतळ, तलाव भोजाच्या नावाने झाले तेही बरंच झालं. फक्त दादा, पुढच्या वेळी ते कबुतर पाठव.

आणि मंदिर की मशीद म्हणून धारच्या भोजशाळेवरून भांडायला येणाऱ्यांनी कृपया दुसरी भिंत शोधावी. इथे कॉमेंट उडवल्या जातील.