साप चावल्यावर दोरी बांधू नका, चीर देऊ नका

पावसाळा लागला की हा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागतो: साप चावला तर वर करकचून दोरी बांधा, ब्लेडने चीर देऊन किंवा सिरिंजने विष ओढा, दोन दातांचे व्रण असतील तरच साप विषारी समजा, ‘नाजा २००’ या होमिओपॅथिक औषधाचे थेंब द्या, कडुलिंबाचा पाला चारून तो कडू लागतो का ते पाहा. पाठवणाऱ्यांना मदतच करायची असते. पण भारतात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८ हजार माणसे दगावतात असा अंदाज आहे, आणि यातला एकेक सल्ला मोलाचा वेळ खातो.

सगळ्यात घातक ती दोरी. नाग आणि घोणस यांचे विष दंशाच्या जागचे मांस नासवते. त्यात वर आवळून बांधले की रक्तपुरवठा तुटतो आणि पाय किंवा हात कापायची वेळ येऊ शकते. शिवाय दोरी एकदम सोडली की अडकलेले विष झपाट्याने अंगात भिनते, श्वासही बंद पडू शकतो. कुणी आधीच बांधली असेल तर वाटेत सोडू नका. दवाखान्यात सगळी तयारी करून डॉक्टरच ती सोडतील.

चीर तर मुळीच नको. घोणस, फुरसे चावल्यावर रक्त गोठायचेच थांबते. ब्लेडची जखम मग वाहतच राहते. ओढून विष निघतही नाही.

दोन व्रणांची खूण मण्यारीपुढे साफ फसते. ती रात्री अंथरुणात चावते, दात इतके बारीक की व्रण दिसत नाही, फारसे दुखतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या मिटायला लागतात, गिळता येईनासे होते. घरचे अपचन समजून ओवा देतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला अशी लक्षणे दिसली तर व्रण शोधत बसू नका, गाडी काढा.

अशा वेळी पाला चारला तर तो घशात अडकेल. तो कडू लागला की नाही, यावरून विषाचे काहीच कळत नाही. थेंबांनी माणूस वाचल्याचे सांगतात, तेव्हा बहुधा साप बिनविषारी असतो, किंवा विषारी सापाने चावूनही विष सोडलेले नसते. सर्पविषावर खरा उतारा प्रतिविषाचाच. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच इंजेक्शन चालते, म्हणून साप मारून नेण्याचीही गरज नाही.

माणसाला धीर द्या. सूज चढण्याआधी अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. चावलेला भाग फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, चालवू नका, आणि १०८ला फोन करा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवा. रुग्णवाहिकेला उशीर असेल तर मोटारसायकलवर मध्ये बसवून मागून एकाने घट्ट धरावे आणि प्रतिविष असलेले जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे बरे वाटले तरी २४ तास देखरेखीखाली राहू द्या.