विलिमोव्स्कीला गद्दार म्हणण्याआधी

आज २७ ऑगस्ट. सकाळी फुटबॉलच्या ग्रुपवर कुणीतरी पोलंडचा जुना स्ट्रायकर एर्नेस्ट विलिमोव्स्कीचा फोटो टाकला आणि खाली लगेच कॉमेंट पडली: "गद्दार. हिटलरकडून खेळला." त्यावर अंगठ्यांची रांग. दिवसभर तो शब्द डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय. मोठं होणार आहे, वाचा.

आधी आजची तारीख बघा. २७ ऑगस्ट १९३९, रविवार, वॉर्सा. समोर हंगेरी, म्हणजे आदल्या वर्षीच्या विश्वचषकाचा उपविजेता. हंगेरी २-० ने पुढे गेला. मग विलिमोव्स्कीने तीन मारले, पिओन्तेकने पेनल्टीवर एक, आणि पोलंड ४-२ ने जिंकला. हिटलर आणि स्टालिन यांच्यातला करार होऊन तेव्हा चार दिवस झाले होते. पुढच्या शुक्रवारी पहाटे जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. पोलंडच्या जर्सीतला त्याचा तो शेवटचा सामना. २२ सामने, २१ गोल. वय २३.

गद्दार म्हणणाऱ्याने कधी नकाशा उघडून बघितलाय का? हा पोरगा १९१६ साली काटोविट्सेत जन्मला तेव्हा ते शहर जर्मनीत होतं. नाव एर्न्स्ट प्राडेला. बाप जर्मन सैन्यातून लढताना पहिल्या महायुद्धात गेला. १९२२ मध्ये शहर पोलंडकडे आलं. पुढे आईने दुसरं लग्न केलं आणि सावत्र बापाचं विलिमोव्स्की हे आडनाव त्याला लागलं. १९३९ ला शहर परत जर्मनीत, १९४५ ला परत पोलंडमध्ये. माणूस जागचा हलला नाही तरी त्याचा देश बदलायचा. वरच्या सायलेशियात, म्हणजे काटोविट्सेच्या या सगळ्या पट्ट्यात, हे घरोघरी होतं. तिथली माणसं घरात सायलेशियन बोलायची, शाळेत त्या वेळी जी भाषा असेल ती. स्वतःला काय म्हणवायची? सायलेशियन.

आणि खेळ! रुख या पोलिश क्लबकडून खेळताना १९३४, ३५, ३६ आणि ३८ ची लीग जिंकली. २१ मे १९३९ ला लोद्झच्या युनियन टूरिंगविरुद्ध रुखने १२-१ ने सामना मारला, त्यात एकट्या विलिमोव्स्कीचे दहा. पोलिश लीगमध्ये एका सामन्यातले दहा गोल आजवर कुणाला ओलांडता आलेले नाहीत. डाव्या बाजूने आत यायचा, शरीराने एकीकडे हूल द्यायची, बचावपटूचा तोल गेला की दुसरीकडून निघायचं, आणि गोलीलाही चकवूनच चेंडू आत सरकवायचा. उजव्या पायाला सहा बोटं होती त्याच्या.

स्ट्रासबूर्गचा सामना तर सगळ्यांना माहीत पाहिजे. ५ जून १९३८, समोर ब्राझील. पोलंडला मिळालेली पेनल्टी विलिमोव्स्कीला पाडल्यामुळे मिळाली, ती शेर्फकेने मारली. मध्यंतराला ३-१ ने मागे. ५३ व्या आणि ५९ व्या मिनिटाला विलिमोव्स्कीचे दोन, ३-३. ब्राझीलने चौथा केला, ८९ व्या मिनिटाला परत हाच, ४-४. जादा वेळेत ब्राझीलच्या लिओनिदासने दोन घातले. सामना हातचा गेलेला असताना ११८ व्या मिनिटाला हा पुन्हा गोल करतो. ६-५. बाद फेरी असल्यामुळे पोलंडचा विश्वचषक त्या एका सामन्यातच संपला. हरलेल्या बाजूकडून विश्वचषकात चार गोल करणारा दुसरा कुणी अजून झालेला नाही.

आता मुद्द्याचं. युद्ध सुरू झालं आणि सायलेशिया थेट जर्मन राइखमध्ये जोडला गेला. रुखचं नाव पुसून बिस्मार्कहुट्टर एसव्ही ९९ केलं. मग आली फोल्क्सलिस्टे, म्हणजे माणसांची चार गटांत नोंद. पहिल्यात उघड जर्मन कार्यकर्ते, दुसऱ्यात जर्मनपण टिकवलेले, तिसऱ्यात 'पोलिश झालेले पण परत जर्मन करता येतील' असे, चौथ्यात फितूर ठरवलेले. सायलेशियातल्या बहुतेकांना तिसऱ्यात घातलं. सही नाही केली तर नोकरी, घर, रेशन सगळं धोक्यात, पुढे हद्दपारी नाहीतर छावणी. सही केली तर घरातल्या पुरुषांना जर्मन सैन्याचं बोलावणं. काटोविट्सेचे बिशप आदाम्स्की यांनी स्वतः लोकांना सांगितलं, सही करा आणि जिवंत राहा. लंडनमधल्या पोलिश सरकारचाही सूर तोच होता. दहा लाखांवर लोक त्या यादीत गेले. ते सगळे गद्दार?

हो, मान्य, तो यादीत नाव घालून गप्प बसला नाही. जर्मनीकडून आठ सामने खेळला आणि १३ गोल केले. छातीवर स्वस्तिकवाला गरुड होता. १८ ऑक्टोबर १९४२ ला बर्नमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध चार गोल, स्ट्रासबूर्गइतकेच. त्याच्याच काळात पोलंडकडून खेळलेला अंतोनी विको १९४१ मध्ये आउशविट्झमध्ये मारला गेला. पोलंडचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल ज्याच्या नावावर आहे तो युझेफ क्लोत्स ज्यू होता, त्यालाही १९४१ मध्ये मारलं. विलिमोव्स्कीला संघात घेणारे प्रशिक्षक कावुझा यांनी जर्मनांना सहकार्य द्यायला नकार दिला. म्हणजे नाही म्हणणारे होते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण त्याची आई पावलिना. एका ज्यू माणसाशी संबंध म्हणून तिला आउशविट्झमध्ये टाकलं. काटोविट्सेपासून ती छावणी तीसेक किलोमीटरवर. मुलगा जर्मनीसाठी गोल मारतोय आणि आई तिथे. हेर्मान ग्राफ नावाचा लढाऊ वैमानिक, जो स्वतः गोलरक्षक होता आणि फुटबॉलवाल्यांना सांभाळायचा, त्याच्या वजनामुळे ती सुटली असं सांगतात. हे वाचल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. अशा वेळी जर्सी काढून फेकायला हवी होती, हे फोनवर अंगठा दाबत सांगणं फार सोपं आहे.

आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. पूर्व पोलंडमधून सोव्हिएतांनी सायबेरियात हाकललेली. युद्ध संपलं तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणांची गावं पोलंडमध्ये उरलीच नव्हती. त्यांचं दुःख आपल्याला लगेच कळतं, आपण दर वेळी अभिमानाने सांगतो. मग पश्चिमेकडची हद्द सरकली तेव्हा तिथल्या माणसाचं काय झालं, ते कळून घ्यायला काय हरकत आहे?

युद्धानंतर तिसऱ्या गटातल्या लाखो सायलेशियनांना निष्ठेचं प्रतिज्ञापत्र लिहून घेऊन पोलंडने परत आपलं म्हटलं. विलिमोव्स्कीला नाही. त्याचं नाव घेणंच बंद झालं. २२ सामन्यांत २१ गोल करणारा माणूस, आणि त्याच्याबद्दल दशकानुदशकं चकार शब्द नाही! राग येतो तो याचा. तो पश्चिम जर्मनीतल्या छोट्या छोट्या क्लबांतून, चाळिशीच्या आसपास येईपर्यंत खेळत राहिला. १९९५ मध्ये रुखच्या ७५ व्या वर्षाचं बोलावणं त्याला आलं होतं. गेला नाही. ३० ऑगस्ट १९९७ ला कार्ल्सरूहमध्ये वारला, काटोविट्से परत न बघता.

त्या फोटोखाली मी आत्ता एवढंच टाकून आलो: "वॉर्सा, २७ ऑगस्ट १९३९. पोलंड ४, हंगेरी २. विलिमोव्स्की ३."