हिशोब मागायची वेळच येऊ नये

सप्टेंबर आला की सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर एजीएमचे कागद लागतात. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. म्हणून आत्ताच लिहितेय. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कायद्यानं सदस्याला कागद मागण्याचा हक्क दिला आहे. माझं म्हणणं असं, की सदस्याला मागावं लागणं हाच त्या कायद्याचा सगळ्यात कच्चा भाग आहे. कमिटीनं हिशोब आपणहून, ठरलेल्या तारखेला, प्रत्येक सदस्याच्या हातात दिला पाहिजे, आणि तसं कायद्यात लिहिलं गेलं पाहिजे.

१९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम ३२ काढून वाचा. उपविधी (म्हणजे सोसायटीची नियमावली), शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, सदस्यांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीच्या सभांचीसुद्धा इतिवृत्तं, हे सगळं सदस्याला सोसायटीच्या कार्यालयात विनामूल्य बघता येतं. २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण आलं. त्यातही हा हक्क आहेच. प्रत हवी असेल तर लेखी अर्ज करायचा आणि शुल्क भरायचं. पण ठेकेदाराची बिलं, आलेली कोटेशनं, खर्चाची व्हाउचर मागितली की कलमातल्या एका वाक्यावर बोट ठेवलं जातं: हिशोबाच्या वह्यांपैकी सदस्याच्या स्वतःच्या व्यवहारांचा भाग तेवढाच. म्हणजे मी भरलेल्या मेंटेनन्सची पावती मला दिसणार. त्या मेंटेनन्सचं पुढं काय झालं, ते कमिटीच्या मर्जीवर.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. आमच्या इमारतीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं. पहिल्याच मोठ्या पावसात सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला परत ओल आली. त्यांनी सेक्रेटरींकडे फक्त गॅरंटीचा कागद आणि बिलाची प्रत मागितली. उत्तर आलं, "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" मग ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "एवढं कळतं तर या ना कमिटीत." मग ग्रुप फक्त ॲडमिनपुरता झाला. काकूंशी लिफ्टमध्ये बोलणं बंद झालं. त्या एकट्या राहतात, रात्री-अपरात्री शेजाऱ्यांचीच गरज लागते. त्यांनी अर्ज मागं घेतला आणि स्वतःच्या पैशानं छताला रंग लावून घेतला.

हे त्यांच्याच बाबतीत झालं असं नाही. ज्याला फ्लॅट विकायचाय त्याला एनओसी हवी असते, कुणाचं पार्किंग लटकलेलं असतं, कुणाची गळती दुरुस्तीच्या यादीत असते. प्रत्येकाचं काही ना काही कमिटीकडे अडकलेलं असतं. अशा ठिकाणी "हक्क आहे, अर्ज करा" म्हणणं म्हणजे शेजाऱ्याशी वैर घ्या म्हणण्यासारखं आहे. सरकारी कचेरीत अर्ज टाकून माणूस घरी येतो. इथं ज्याच्याविरुद्ध अर्ज केला तोच समोरच्या दारात राहतो.

मी स्वतः काही काळ खजिनदार होते, त्यामुळे दुसरी बाजूही माहीत आहे. हे काम बिनपगारी. नोकरीवरून आल्यावर पंप बिघडला म्हणून खाली उतरायचं, थकबाकीदारांच्या शिव्या खायच्या, आणि वर संशय. बहुतेक कमिट्यांमधली माणसं प्रामाणिक असतात असंच मी आजही म्हणेन. पण प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा दाखवायची सोयच नाही. कागद सगळ्यांसमोर असतील तर कुजबुज आपोआप कमी होते. पारदर्शकतेची सगळ्यात जास्त गरज चांगल्या सेक्रेटरीला आहे.

"ऑडिट होतंच की" असं म्हणणाऱ्यांना सांगायचंय, ऑडिटर व्हाउचर आहे का ते बघतो. रंगकामाचा दर बाजारापेक्षा दुप्पट होता का, तीन कोटेशनं खरंच तीन वेगळ्या लोकांची होती का, हे बहुतेक ऑडिटमध्ये कुणी तपासत नाही. शिवाय ऑडिटरची नेमणूक एजीएममध्ये होते हे खरं असलं तरी नाव कमिटी सुचवते आणि सभा "मंजूर, मंजूर" म्हणते. ती सभा तरी कशी? कोरम, म्हणजे किमान हजेरी, नाही म्हणून तहकूब, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सुरू, तेव्हा कोरमचं बंधन नाही. लेखापरीक्षकानं काढलेल्या चुकांवरचा दोष दुरुस्ती अहवाल निबंधकांकडे, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, जायचा असतो. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या सोसायटीचा हा अहवाल डोळ्यांनी पाहिलाय?

माहिती अधिकार चालेल असं अनेकांना वाटतं. थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्पष्ट केलं, की सहकारी संस्था केवळ सहकारी आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. थेट सोसायटीला आरटीआय लागत नाही. मात्र निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण आहेत, आणि कायद्यानं त्यांना सोसायटीकडून जी माहिती मिळवता येते ती त्यांच्यामार्फत मागता येते. ही वाट जरूर वापरा. पण स्वतःच्या इमारतीचा हिशोब उपनिबंधक कार्यालयाला वळसा घालून मिळवावा लागतो, हे मला पटत नाही.

पुढची पायरी तक्रारीची. कलम ८३ खाली चौकशी, कलम ८८ खाली नुकसानीची वसुली, कलम ९१ खाली सहकार न्यायालय. कागदावर सगळं आहे. पण तक्रार केली की कमिटी वकील लावते आणि वकिलाची फी सोसायटीच्या खात्यातून जाते. तक्रारदार स्वतःच्या वकिलाचे पैसे देतो आणि मेंटेनन्समधून समोरच्या वकिलाचेही देतो. मला सगळ्यात अन्यायाचं हेच वाटतं. सदस्याला कागद नाकारल्याच्या प्रकरणात कमिटी हरली तर दंड आणि वकिलाचा खर्च ज्यांनी नकार दिला त्यांच्या खिशातून गेला पाहिजे, सोसायटीच्या तिजोरीतून नाही.

पैसा लहान नाही, हेही लक्षात घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का. वर्षानुवर्षं साठत गेलेली ही रक्कम कुठल्या बँकेत, किती मुदतीनं ठेवलीय, हे किती सदस्यांना ठाऊक असतं? सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. अनेक गृहनिर्माण संस्थांच्या ठेवी त्यात अडकल्या. त्या ठेवी एकाच बँकेत आहेत हे सदस्यांना आधी दिसलं असतं तर कुणीतरी सभेत हात वर केला असता.

मग कायद्यात काय हवं? बँक स्टेटमेंट, ठेवींची यादी आणि ठरावीक रकमेवरची सगळी बिलं दर तीन महिन्यांनी सर्व सदस्यांना ईमेलवर किंवा ॲपवर. काम देण्याआधी सगळी कोटेशनं, आणि ठेकेदाराशी आपलं नातं किंवा व्यवहार नाही असं प्रत्येक कमिटी सदस्याचं लेखी निवेदन. एजीएमच्या नोटिशीबरोबर ताळेबंदासोबत ऑडिटरचे सगळे शेरे. आणि सभेचं चित्रीकरण. हे अवघड आहे असं सांगू नका. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानं पुनर्विकासाच्या सभेचं चित्रीकरण सक्तीचं केलंच आहे. विकासक निवडताना जे चालतं ते खर्च मंजूर करताना का नको?

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात कॉन्डोच्या, म्हणजे तिथल्या फ्लॅटधारकांच्या संस्थेच्या, संचालकांना निवडून आल्यावर सहा महिन्यांत प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं, नाहीतर पद जातं. कागदपत्रांच्या वादांसाठी २०१७ पासून तिथं वेगळं ऑनलाइन न्यायाधिकरण आहे. आपल्याकडे लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. फक्त कागद मिळवून देण्यासाठी असं झटपट काम करणारं व्यासपीठ आपल्यालाही हवं. पुण्यात १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली राहणाऱ्यांनाही ते हवं. त्यांना तर वर्षानुवर्षं दिवाणी न्यायालयाखेरीज दार नव्हतं.

कायदा बदलायला वेळ लागेल. ठराव करायला वेळ लागत नाही. आमच्या एजीएमच्या विषयपत्रिकेसाठी मी लेखी दिलाय तो असा: "दर तिमाही संपल्यावर पंधरा दिवसांत संस्थेचं बँक स्टेटमेंट, ठेवींची यादी, दहा हजार रुपयांवरील सर्व बिलं आणि कमिटी सभांची इतिवृत्तं सर्व सदस्यांना ईमेलने पाठवण्यात यावीत." आकडा तुमच्या सोसायटीप्रमाणे बदला, तुमच्या सभेच्या आधी लेखी द्या आणि पोच घ्या. अनुमोदनाला त्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सही केलीय.