‘हे सगळं पुस्तकी पोर्तुगीज आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पोर्तुगीज क्रियापदांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तपशीलवार लिहिलंत, म्हणून उत्तरही तपशिलात देतो. तुमचं म्हणणं असं: पुरुषाचे (मी, तू, आम्ही यांचे) प्रत्यय घेणारं मूळ रूप (‘करणे’सारखं), भविष्यातला संकेतार्थ (‘घडलं तर’, ‘घडेल तेव्हा’ सांगणारं रूप) आणि क्रियापदाच्या पोटात शिरणारं सर्वनाम हे तिन्ही लेखी भाषेचे दागिने आहेत. ब्राझीलमध्ये कुणी असं बोलत नाही. त्यातली पहिली दोन रूपं तर दिसायला एकच, व्याकरणकारांनी त्यांना उगाच दोन नावं दिली.

तिघांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

पोटात शिरणाऱ्या सर्वनामाबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे. ‘दार-त-एय’ म्हणजे ‘तुला देईन’. हा भविष्यकाळ मुळात ‘देणे’ आणि एक सहायक क्रियापद अशा दोन शब्दांचा होता, म्हणून सर्वनामाला मध्ये जागा मिळाली. ब्राझीलच्या बोलण्यातून हे गेलंय. २०१६ साली राष्ट्राध्यक्ष मिशेल तेमेर भाषणांत ही रचना वापरू लागले तेव्हा लोकांना ती चटकन खटकली, इतकी ती दुर्मिळ आहे. तिने वाक्याचा अर्थ बदलत नाही, फक्त भारदस्तपणा येतो.

पण ‘पुरुषाचे प्रत्यय घेणारं मूळ रूप’ अर्थाचं काम करतं. शिक्षकांनी पुस्तकं आणली, ‘पारा लेर’. वाचणार कोण? ते उघड नाही, ऐकणारा बहुधा शिक्षकच धरेल. ‘पारा लेर्मुश’ म्हटलं की आम्ही वाचावीत म्हणून आणली. ‘पारा लेरेंय’ म्हटलं की त्यांनी. मराठीत आपण कर्ता शेजारी ठेवतो: ‘आम्ही पोचण्याआधी’, ‘तू पोचण्याआधी’. पोर्तुगीजमध्ये तो शेवटच्या अक्षरांत मावतो, नवं उपवाक्य उघडावं लागत नाही. लांबलचक लेखी वाक्यात, जिथे कर्ता दोन ओळी मागे राहिलेला असतो, तिथे हा प्रत्ययच वाचकाला वाट दाखवतो. स्पॅनिशमध्ये ही सोय नाही, तिथे वेगळं उपवाक्य करावं लागतं. याला दागिना म्हणायला मी तयार नाही.

आता दोन नावांचा मुद्दा, कारण तुमचा खरा जोर तिथे आहे. ‘शेगार’ (पोचणे) घेतलं तर तुमचं निरीक्षण अचूक आहे: ‘आन्तिश द शेगारिश’ (तू पोचण्याआधी) आणि ‘क्वांदु शेगारिश’ (तू पोचशील तेव्हा) यांत एकच रूप दिसतं. पण नियमित क्रियापदांवर थांबू नका. ‘फाझेर’ म्हणजे करणे. ‘आम्ही करावं म्हणून’ हे होतं ‘पारा फाझेर्मुश’, आणि ‘आम्ही करू तेव्हा’ हे होतं ‘क्वांदु फिझेर्मुश’. एक मूळ धातूवरून, दुसरं भूतकाळाच्या अंगावरून (प्रत्यय लागण्याआधीच्या रूपावरून). ‘येणे’चीही तीच गोष्ट: ‘विर्मुश’ आणि ‘विएर्मुश’. शब्दयोगी अव्ययानंतर पहिलं येतं, ‘जेव्हा’, ‘जर’, ‘जो कोणी’ यांच्यानंतर दुसरं. नियमित क्रियापदांत दोघांचा चेहरा जुळतो, काम नाही.

आणि हे दुसरं रूप, भविष्यातला संकेतार्थ, बोलण्यातून गेलेलं अजिबात नाही. ‘सि वोसे किझेर’, म्हणजे ‘तुम्हाला हवं असेल तर’, हे ब्राझीलच्या कुठल्याही दुकानात ऐकू येतं. तिथले बरेच लोक ‘मी पाहिलं तर’ला ‘सि एउ विर’ऐवजी ‘सि एउ वेर’ म्हणतात (‘वेर’ हे ‘पाहणे’चं मूळ रूप), म्हणजे वाकडं अंग सरळ करून घेतात. वापरातलीच रूपं लोक अशी सरळ करतात. बोलण्यातून खरंच गेलं ते स्पॅनिशमधलं याचं भावंड, ते आता मुख्यतः कायद्यात आणि म्हणींत उरलंय.

कायद्याच्या पोर्तुगीजमध्ये तर हे रूप कणा आहे. पोर्तुगालच्या दंडसंहितेचं १३१वं कलम ‘कें मातार’ने सुरू होतं: जो कोणी दुसऱ्या माणसाला ठार मारील, त्याला ८ ते १६ वर्षांची कैद. ‘मातार’ हे इथे मूळ रूप समजून वाचलंत तर वाक्य लागतच नाही. घडलेल्या गोष्टीबद्दल नाही, घडलीच तर काय याबद्दल ते बोलतंय. मराठी वाचकाला याचा काय उपयोग, असं तुम्ही विचारलंत. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक भाग गोव्यात अजून लागू आहे, जुने दस्तऐवज त्या भाषेत आहेत, आणि १७७८ साली रोममध्ये छापलेलं मराठीचं व्याकरणसुद्धा पोर्तुगीजमधून लिहिलेलं आहे. हे मुळातून वाचायचं असेल तर संभाषणाचा कोर्स पुरणार नाही.

तुमच्या शेवटच्या ओळीतल्या ‘तेन्यु लिदु’बद्दल: त्याचा अर्थ ‘मी वाचलं आहे’ असा होत नाही, ‘अलीकडे वाचत आलोय’ असा होतो. एखादं पुस्तक वाचून संपवलं असेल तर साधा भूतकाळ वापरा, ‘झा ली’.