सिंह पण हवा, समुद्र पण हवा: केनियाला निघालेल्यांसाठी प्रेमाचे सल्ले

सध्या ज्याला बघावं तो "आफ्रिका करतोय". आफ्रिका म्हणजे केनिया, केनिया म्हणजे मसाई माराचं जंगल, आणि माराला जोडून दोन रात्री डायनी बीच, कारण एवढं तिकीट काढून गेल्यावर नुसते प्राणी बघून परत आलं तर पैसे वसूल कुठे होतात. मी पण याच सीझनला जाऊन आले. जागेबद्दल काय बोलायचं, दोन्हीकडे नजर ठरत नाही. पण आमच्या व्हॅनमध्ये जी मंडळी होती त्यांच्याकडून इतकं काही शिकायला मिळालं की ते एकटीने पोटात ठेवणं बरं नाही. तेव्हा तुम्ही पण निघाला असाल तर हे वाचूनच निघा.

सगळ्यात पहिलं, नकाशा बघू नका. अजिबात नाही. देश एकच आहे ना, मग मारा आणि डायनी शेजारीशेजारीच असणार. मारा तिकडे नैर्ऋत्येला टांझानियाच्या हद्दीला चिकटून आणि डायनी पार खाली हिंदी महासागरावर, असल्या बारीकसारीक गोष्टीत तुम्ही पडायचंच नाही. मारा ते नैरोबी रस्त्याने पाच-सहा तास, तिथून किनाऱ्यावरच्या मोम्बासाला ट्रेन अजून पाच-सहा तास, वर स्टेशनपासून डायनी वेगळंच, हे तुम्हाला गाडीत बसल्यावर कळलं पाहिजे, म्हणजे मग दर अर्ध्या तासाने "अजून किती" विचारता येतं. प्लॅन असाच करा: सकाळी सिंह, दुपारी जेवण, संध्याकाळी बीचवर सनसेट.

आणि सनसेटचं तर विचारूच नका. डायनीचं तोंड पूर्वेला आहे. सूर्य तिथे समुद्रातून उगवतो, मावळतो मागे झाडांमध्ये. आपला जन्म गणपतीपुळे-तारकर्लीला समुद्रात सूर्य बुडताना बघण्यात गेलेला, त्यामुळे हा सरळसरळ फसवणुकीचा प्रकार आहे हे ओळखा आणि रिसेप्शनला जाऊन खडसावून विचारा की आम्हाला सनसेट व्ह्यूची रूम का नाही दिली. आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं. ती मुलगी बिचारी सॉरी म्हणाली. पृथ्वी उलटी फिरवता येत नाही म्हणून सॉरी.

विमानाने जायचं असेल तर बॅग कडक घ्या, चाकांची, मोठ्यातली मोठी. नैरोबीच्या विल्सन एअरपोर्टवरून सुटणाऱ्या त्या छोट्या विमानांना माणशी 15 किलो आणि तेही मऊ बॅगेत लागतं, कारण सामानाची जागाच तेवढी असते. पण तो नियम बाकीच्यांसाठी. तुमच्याकडे चकली आहे, भाकरवडी आहे, लाडू आहेत, मेतकूट आहे, आणि पाच दिवस सिंहाच्या देशात राहायचं म्हणजे उपासमार होऊ शकते. काउंटरवर वाद घाला, मागे रांग वाढू द्या.

यलो फीव्हरची लस दहा दिवस आधी घ्यायची असते म्हणतात, तेव्हा आठवड्यावर आलं की शोधायला लागा.

थंडीचे कपडे नकोत, आफ्रिकाच ती. माराची उंची साधारण दीड हजार मीटर, जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या छपराच्या गाडीत दात वाजतात, पण त्यासाठी शेजारच्या बाईची शाल असतेच. (माझी होती. परत मिळाली तेव्हा तिला लोणच्याचा वास येत होता.)

ट्रेनचा सल्ला थोडक्यात. 2017 साली सुरू झालेली ही नैरोबी-मोम्बासा मडाराका एक्सप्रेस त्सावोच्या जंगलातून जाते, खिडकीतून हत्ती दिसतात, लाल मातीत लोळून लोळून अक्षरशः विटकरी झालेले हत्ती, आणि माराला जायला वेळ नसेल तर त्सावो मोम्बासापासून दोन-तीन तासांवर आहे, म्हणजे ज्यांना जंगल-समुद्र दोन्ही जोडायचंय त्यांना खरं तर हेच सोयीचं. पण तुम्ही मात्र पडदा ओढा आणि अंताक्षरी सुरू करा, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशी. याच त्सावोत 1898 साली रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी आपल्याकडून नेलेल्या मजुरांना रात्री तंबूतून ओढून नेलं होतं, महिनोन्महिने. तुमचा तिसऱ्या तासाचा "म वरून" सुरू झाला तेव्हा मला त्या सिंहांची फार आठवण आली.

आता मुख्य सल्ला, चित्ता दिसल्यावर काय करायचं.

सकाळची वेळ. गवत ओलं. एक मादी वारुळावर चढून बसलेली, खाली दोन पिल्लं, पाठीवर अजून ती राखाडी केसांची झालर असलेली, म्हणजे अगदी लहान. समोर थॉमसन्स गॅझेलचा कळप, त्यातलं एक पाडस जरा बाजूला चरत होतं. मादी उतरली, मान खाली, खांदे वर, एक पाऊल टाकलं आणि थांबली, परत एक पाऊल आणि परत थांबली. आमच्या ड्रायव्हरने लांबच इंजिन बंद केलं, मागे वळून ओठावर बोट ठेवलं. अशा वेळी तुम्ही काय करायचं? बरोबर ओळखलंत. व्हिडिओ कॉल.

"हॅलो! दिसतोय का? अगं समोर बघ, गवतात! नाही नाही, बिबट्या नाही, चित्ता, चित्ता! पिंट्याला उठव! आवाज येतोय का माझा? तुझा नाही येत, तू म्यूटवर आहेस!" हे सगळं त्या आवाजात, ज्या आवाजात आपण पूर्वी ट्रंक कॉलवर बोलायचो. मग तिसऱ्या सीटवरून वेफर्सचं पाकीट फुटतं. मग कुणाला तरी कॉल ऐकू येत नाही म्हणून ते शू शू करतात, आणि त्या शू शूचा आवाज पाकिटापेक्षा मोठा. मग हळूहळू नेहमीचं, "ड्रायव्हर, गो, गो ना, क्लोज, लिटल क्लोज, वी गिव्ह टिप, डबल टिप". ड्रायव्हर सांगतोय की रस्ता सोडून गवतात जायला परवानगी नाही, तर काका म्हणतात "सगळे असंच म्हणतात, पैसे दाखवले की जातात". तोवर रेडिओवर बातमी फिरलेली असते, डझनभर गाड्या धुरळा उडवत येतात, एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत हा नियम आहे पण तो कागदावर, सगळ्यांची छपरं वर, सगळ्यांचे फोन वर, आणि एक गाडी सरळ त्या मादीच्या आणि पाडसाच्या मधे येऊन उभी. पाडस उडालं, कळप उडाला. मादी उभी राहिली, आमच्याकडे बघितलं पण नाही, पिल्लांकडे गेली आणि एका गाडीच्या सावलीत बसली, कारण दुसरी सावलीच नव्हती.

आणि व्हॅनमध्ये काय प्रतिक्रिया? "काही ॲक्शनच नाही राव." "याच्यापेक्षा आपलं कुनो बरं, आता तिथे पण आणलेत की." हो, आणलेत, 2022 ला नामिबियातून, आपल्याकडचे आपणच संपवले होते म्हणून आणावे लागले, पण ते असो.

चित्ता भर दिवसा शिकार करतो ते तुम्हाला उजेड चांगला मिळावा म्हणून नाही करत. रात्री सिंह असतात, तरस असतात, ते शिकार हिसकावतात आणि पिल्लं मारतात, म्हणून तो दिवसाची वेळ धरतो, आणि नेमकी तीच वेळ आपण धरलेली. तो धावतो जेमतेम अर्धा-एक मिनिट, त्यात जमलं तर जमलं. तुम्ही ते मोडलंत की त्या दिवशी तिला परत सगळं पहिल्यापासून. मारातल्याच चित्त्यांवरचा एक अभ्यास 2018 ला प्रसिद्ध झाला, त्यात टुरिस्टांची गर्दी कमी असलेल्या भागात एका मादीची सरासरी 2.3 पिल्लं मोठी झाली, आणि गर्दीच्या भागात 0.2. शून्य पूर्णांक दोन. म्हणजे पाच माद्यांमागे एक पिल्लू. त्या मादीची दोन होती. करा हिशोब, तुम्हाला हिशोब चांगला येतो, 2024 पासून जुलै ते डिसेंबर पार्कची फी दिवसाला 200 डॉलर झाली म्हणून विमानापासून कुरकुर चालली होती तुमची. 200 डॉलर भरले म्हणजे काय चित्ता विकत घेतला? तिकीट बारा तास पार्कात फिरायचं असतं हो, शिकार बघायची गॅरंटी नसते त्यात. मारा नदीवर पण तेच. विल्डबीस्ट, म्हणजे स्थलांतराला निघालेल्या त्या दाढीवाल्या मोठ्या हरणांचे कळप, काठावर तास न् तास उभे, उतरायला घाबरतात, खाली मगरी, आणि आपण नेमकं त्यांच्या उतरायच्या वाटेवर गाडी लावायची आणि वर म्हणायचं "हे कधी उडी मारणार, लंच निघून चाललाय".

असो. सल्ल्यांकडे वळू.

डायनीला पोचल्यावर ओहोटी असेल तर लगेच तक्रार करा. बाहेर प्रवाळाची रांग आहे, ओहोटीला पाणी पार तिथपर्यंत मागे जातं, मधे गुडघाभर डबकी आणि खडक, दिवसातून दोनदा, चंद्र आहे तेव्हापासून. भरतीचं वेळापत्रक विचारलं तर हॉटेलवाले आनंदाने सांगतात. पण आमच्यातल्या एका साहेबांनी ज्या सुरात "पाणी कधी सोडणार?" विचारलं, तो सूर सोसायटीच्या वॉचमनला टाकीबद्दल विचारायचाच होता. साहेब रत्नागिरीचे. रत्नागिरीचे!

ओहोटीत अनवाणी फिरा, समुद्री साळू असतात खडकांत, काटे छान घुसतात.

स्टारफिश दिसला की बाहेर काढा, हातावर ठेवा, मुलाच्या डोक्यावर ठेवा, सगळ्यांचे फोटो होईपर्यंत ठेवा. तो पाण्याबाहेर श्वास घेऊ शकत नाही, पण तो कुठे ओरडतोय.

बाल्कनीत माकडं आली तर चिवडा घाला. "खायला घालू नका" ही पाटी इंग्रजीत आहे, म्हणजे ती इंग्रजांसाठी. डायनीत ते काळे-पांढरे कोलोबस आहेत, लांब शेपटीचे, पानं खाऊन जगणारे, रस्त्यावर गाडीखाली येऊ नयेत म्हणून लोकांनी त्यांच्यासाठी वरून दोरांचे पूल बांधलेत. तिथल्या लोकांनी पूल बांधायचे आणि आपण पोट बिघडवणारं फरसाण पुरवायचं, अशी वाटणी आहे. दुसऱ्या दिवशी साधी माकडं खोलीत शिरून लाडूचा डबा घेऊन गेली तेव्हा मात्र "इथे सिक्युरिटीच नाही".

कॅरीबॅगा भरपूर न्या. 2017 पासून बंदी आहे, म्हणून तर मजा.

आणि ड्रायव्हरला नावाने हाक मारू नका, "ए भैया" म्हणा किंवा आपसात मराठीत त्याच्या रंगावरून काय वाट्टेल ते बोला, त्याला कुठे कळतंय.

नाही, बास. हे मला उपरोधाने लिहिता येत नाही.

त्याला कळतं. बरेच टुरिस्ट आपलेच असतात, त्याला कामापुरतं हिंदी येतं, आणि "काळ्या" कळायला हिंदी पण लागत नाही, तुमचं हसणं पुरतं. तो माणूस स्वाहिली बोलतो, मसाई बोलतो, तुमच्या-माझ्यापेक्षा बरं इंग्लिश बोलतो, अर्ध्या किलोमीटरवरून गवतातला कान बघून सांगतो की ती मादी आहे. ज्या देशाने 2017 साली तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना आपली 44वी जमात म्हणून मान्यता दिली, त्या देशात बसून, त्याच्याच गाडीत बसून, तुम्ही त्याच्या रंगावर विनोद करता? आणि पोरं ऐकतायत मागे. तुम्ही "क्लोज, क्लोज" म्हणून त्याला गवतात घालायला लावता, रेंजरने पकडलं तर दंड त्याला, पार्कात यायची बंदी त्याला, तुम्ही तर दुसऱ्या दिवशी बीचवर. तो "नो सर" म्हणतो तेव्हा ऐका ना. एकदा तरी ऐका. अर्धा तास गप्प बसवत नाही तुम्हाला? अर्धा तास? मंदिराच्या रांगेत चार तास उभे राहता की!

शेवटी मारातून परत आल्यावर नैरोबीच्या स्टेशनावर त्याने सगळ्यांच्या बॅगा उतरवून दिल्या. तिथे सामान जमिनीवर ओळीने मांडून कुत्र्याकडून हुंगवतात, तेवढ्या वेळात टिपचा विषय निघाला. ती "डबल टिप", चित्त्यासमोर ओरडून ओरडून कबूल केलेली. तर व्हिडिओ कॉलवाले काका म्हणाले, "त्याने कुठे जवळ नेलं? मग कसली टिप?" आणि बाकीचे हो हो म्हणत बॅगांच्या ओळीकडे गेले. त्याने नियम पाळला म्हणून त्याचे पैसे कापलेत तुम्ही. नंतर डायनीत त्याच पैशांच्या बिअर आल्या टेबलावर, मी समोर बसले होते. लाजा वाटू द्या जरा.