‘__बेसेस__ बदला की झालं’ हे अर्धसत्य आहे

सांगली-मिरजेच्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये एक टीप फिरते: ‘पायथनमध्ये ऑब्जेक्ट बनवताना पालक क्लास निवडता येतो. कंपोझिशनची कटकट नको, __बेसेस__ बदला की झालं.’ (पालक क्लास म्हणजे ज्याच्या मेथड आपल्या क्लासला वारशाने मिळतात; __बेसेस__ ही क्लासच्या पालकांची यादी; कंपोझिशन म्हणजे वारसा न घेता दुसरा ऑब्जेक्ट आत ठेवून त्याच्याकडून काम करून घेणं.) फायनल इयरच्या प्रोजेक्टात ही टीप जशीच्या तशी वापरली तर काय होतं, ते मार्केट यार्डातल्या हळदीच्या काट्यावरून पाहू. एक काटा सिरियल पोर्टवर वजन पाठवतो, दुसरा नेटवर्कवर.

‘ऑब्जेक्ट बनवताना निवडता येतो.’ नाही. क्लासच्या कंसात फंक्शनचा कॉलसुद्धा चालतो, हे खरं. पण ती ओळ चालते तेव्हा एकदाच पालक ठरतो. पुढे काटा() शंभरदा बोलवा, पालक तोच.

‘__बेसेस__ बदला.’ खरा घोळ इथे आहे. बदल एका ऑब्जेक्टला नाही, अख्ख्या क्लासला लागतो. सिरियलवरचा काटा चालू असताना पालक नेटवर्कचा केलात, की त्या चालू काट्यालाही नेटवर्कची वाचा() मेथड मिळते. नव्या पालकाचं __इनिट__ (ऑब्जेक्ट बनताना त्याची तयारी करणारी मेथड) मात्र त्याच्यासाठी चाललेलंच नसतं. सेल्फ.पोर्ट आहे, सेल्फ.सॉकेट (नेटवर्कची जोडणी) नाही, पुढच्या वजनाला ॲट्रिब्यूट-एरर. वाईट म्हणजे ही एरर पालक बदलला त्या ओळीवर येत नाही, बऱ्याचदा दुसऱ्याच फाइलमध्ये येते, आणि शोधणारा तिथेच खोदत बसतो. दोन पालकांचे __स्लॉट्स__ (ऑब्जेक्टला कोणते ॲट्रिब्यूट असतील याची ठरलेली यादी) वेगळे असतील तर निदान लगेच टाइप-एरर येते: लेआउट जुळत नाही.

‘मग फंक्शनमधून क्लास बनवून द्या.’ हे चालतं, पण प्रत्येक कॉलला नवा क्लास जन्मतो. नाव ‘काटा’च, तरी पहिल्या कॉलच्या ऑब्जेक्टवर दुसऱ्या कॉलचा क्लास लावून इज-इन्स्टन्स (हा ऑब्जेक्ट या क्लासचा आहे का) विचारलं तर उत्तर फॉल्स. म्हणून बनलेला क्लास डिक्शनरीत ठेवा, पालक हीच तिची ‘की’ (key), पुन्हा तोच द्या. तरी पिकल (ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवणारं पायथनचं मोड्यूल) अडतं: ते क्लास मोड्यूल आणि नावावरून शोधतं, आणि फंक्शनच्या आत जन्मलेला क्लास त्याला सापडत नाही.

‘जावात हे जमत नाही, म्हणून जावा मागे.’ तिथे इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात याची यादी) पाळणारा ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरला देतात, आणि पायथनमध्येही तेच करायचं आहे. काटा(वाचक) लिहा, आत सेल्फ.वाचक ठेवा, वजन() मेथड सेल्फ.वाचक.वाचा() बोलवेल. दोन्ही काटे एकाच प्रोग्रॅममध्ये सुखाने चालतात. चालू काट्याचा वाचक बदलायचा तर नवा वाचक जोडणीसह तयार करा आणि सेल्फ.वाचकमध्ये ठेवा, दुसऱ्या काट्याला धक्का लागत नाही. टेस्टसाठी कायम 50.2 परत देणारा खोटा वाचक द्या, काटा जोडायची गरजच नाही.

पालक निवडण्याची एक जागा आम्हाला पटते: मोड्यूल लोड होताना. लायब्ररी इन्स्टॉल असेल तर तिचा क्लास पालक, इम्पोर्ट-एरर आली तर आपला साधा. निर्णय एकदाच, कुठलाही ऑब्जेक्ट बनण्याआधी. मायपायसारखा टाइप तपासनीस तिथेही कुरकुरू शकतो. त्या ओळीवर सूट (‘ही ओळ तपासू नको’ अशी कॉमेंट) लिहावी लागली तर शेजारी कारणही लिहा.