प्लास्टिकचा जरबेरा लावून कुणाचं भलं होतंय?

आज एका साखरपुड्याला गेले होते. स्टेजवरची अख्खी कमान प्लास्टिकच्या फुलांची. त्यात जरबेरासुद्धा! देठाला हिरवी तार, पाकळ्यांवर धूळ. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "बघ, अगदी खऱ्यासारखी, आणि कोमेजायची भीती नाही." तेव्हापासून डोकं फिरलंय.

माझ्या आत्याचं मावळात 10 गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे (पाइपांच्या सांगाड्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पेपर ताणलेलं), जरबेराचंच. जरबेरा कात्रीने कापत नाहीत. देठ बुडाशी धरायचा, हलका पिळा द्यायचा आणि ओढून काढायचा. मागे खुंट राहिला तर तो कुजतो. मग बुडखा थोडा छाटून लगेच पाण्यात, प्रत्येक फुलाला प्लास्टिकची टोपी, दहा फुलांची गड्डी. हे सगळं ऊन चढायच्या आत, कारण नंतर त्या पेपरखाली उभं राहवत नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मार्केट बंद, लग्नं रद्द. पण झाडं थोडीच थांबतात? फूल तसंच ठेवलं तर झाडाचं बळ जातं, म्हणून रोज तोडायची आणि बांधावर टाकायची. टाकायच्या फुलांचेही देठ आत्या तितक्याच हळुवार हाताने पिळत होती. म्हणाली, "झाडाला काय ठाऊक बाजार बंद आहे ते?" आणि 3 जूनला निसर्ग वादळ आलं. वरचा पेपर टराटरा फाटला.

लोक वर म्हणतात, पॉलिहाऊसवाले काय, अनुदानावर मजा करतात! अहो, अनुदान नंतर येतं. आधी बँकेचं कर्ज काढून पाइप, पेपर, ड्रिप, रोपं उभी करावी लागतात. बेडसाठी लाल माती ट्रकने आणावी लागते. फूल कुठे दोन-अडीच महिन्यांनी दिसतं.

प्लास्टिकची फुलं स्वस्त पडतात, पुन्हा वापरता येतात, मान्य. पॉलिहाऊसचा पेपरही प्लास्टिकचाच, तेही मान्य. पण त्या पेपरखाली चार बायकांना रोजचं काम आहे. त्या कमानीखाली कोण जगतंय? 2018 ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा भाजीवाल्या मावशींच्या पिशव्या जप्त झाल्या. आणि हॉलमध्ये ही फुलं पोत्यांनी येतात, कुणी हटकत नाही. चीड येते हो!

काकूंवर राग नाही माझा. त्यांनी कधी पॉलिहाऊस आतून पाहिलेलं नाही. आत्याकडे घेऊन जाईन त्यांना, सकाळी लवकर. एक देठ स्वतःच्या हाताने पिळून काढू देत.

बाकी आमच्या घरचं लग्न मार्गशीर्षात आहे. डेकोरेटरला आजच फोन करून सांगितलं, बजेटात खरी फुलं कमी बसली तर कमी लावा, झेंडूची तोरणं लावा, नाहीतर मंडप मोकळा ठेवा. प्लास्टिकचं एक फूल दिसलं तरी पैसे मिळणार नाहीत.